सात नंबरची घंटा

रात्रपाळीत माझं काम एवढंच:
आभाळाकडे बघायचं,
आणि हिरवं काही हललं की
अकरा खोल्यांच्या अकरा घंटांची बटणं दाबायची.
बाकी भट्टीत बर्चचं लाकूड सारायचं,
ओले बूट वाळत घालायचे,
कॉफी. पुन्हा कॉफी.

इनारीच्या तळ्यावर उणे सत्तावीस.
बर्फ मधूनच कण्हतो,
जाडजूड माणूस कुशीवर वळावा तसा.
पाहुणे म्हणतात, ह्यालाही झोप नाही.
मी म्हणते, आहे. तो झोपेतच कण्हतो.

घंटेवर कुणाचा विश्वास नसतो.
निजायला जाताना विचारतात, वाजेल ना?
नक्की? मोठ्यानं?
आणि दीड वाजता कोणीतरी जिन्यावर असतंच,
पायात लोकरीचे मोजे, हातात फोन,
फोनवर आकडे, आकड्यांत शक्यता,
आणि पलीकडच्या गावात काल दुसऱ्या कुणाला दिसलेलं
जांभळं, गुलाबी,
नेमकं ह्यांचं हुकलेलं.

सात नंबरात लोडेवेक.
घेंटचा ट्रामचालक, वसंतात निवृत्त झालेला.
चाळीस वर्षांत एकदाही उशीर केला नाही, म्हणाला,
आणि चार रात्री पलंगाच्या काठावर बसून राहिला
कोट घालून, बूट घालून,
जणू आभाळ वेळापत्रकानं येतं.
तिसऱ्या सकाळी त्यानं कॉफीत मीठ घातलं
आणि पिऊन टाकली.
चौथ्या सकाळी मलाच विचारलं,
माझी खोली कितवी?

पाचव्या रात्री त्याच्या दारावरून जाताना
घोरणं ऐकलं.
लांबलचक, उतारावरचं,
ब्रेक न लावलेलं.

आणि दोन चाळीसला कोल्हा आला.
आमच्याकडे असंच म्हणतात:
डोंगरावर कोल्हा धावतो,
शेपटीनं बर्फ उडवतो, त्याच्या ठिणग्या.
ह्या हिवाळ्यात असा धावला नव्हता.
मी बटणं दाबली. एक, दोन, तीन,
चार, पाच, सहा.
बोट सातवर आलं.
पैसे त्यानं आभाळाचे भरलेत,
झोपेचे नव्हे.
हे मला कळत होतं.
आठ, नऊ, दहा, अकरा.

अंगणात सगळे किंचाळत होते,
हातमोजे काढून बोटं गारठवत होते.
वर बघणारी फक्त एक लहान मुलगी,
तिला जांभई आली.

नाश्त्याला टेबलाटेबलावर तेच हिरवं
ह्या हातातून त्या हातात.
लोडेवेक लापशीची दुसरी वाटी घेऊन बसला,
गाल उशीच्या सुरकुत्यांनी छापलेले,
कितीतरी दिवसांनी डोळे जागेवर.
घंटा वाजली होती?
दहा वाजल्या, मी म्हटलं.
त्यानं चमचा थांबवला. मोजलं असावं.
मग मीठ बाजूला सरकवून
साखर घेतली.

तक्रार मात्र त्यानं लिहिली.
नीट अक्षरात, तारीख घालून.

घरी आले तेव्हा नऊ वाजले होते, अंधार तसाच.
शनिवार. ओउला झोपलेला,
म्हणजे फोन झोपू देईल तेवढा.
हनुवटीखाली पडदा, गालावर हिरवा उजेड,
येतोय, विझतोय, पुन्हा येतोय.
एकदा रागावले तेव्हा म्हणाला होता,
सोमवारी सगळे कशावर तरी हसतील, आई,
आणि कशावर, ते मलाच ठाऊक नसेल.
त्याला उत्तर सुचलं नव्हतं.
अजून सुचलेलं नाही.

फोन हलकेच काढला, पालथा ठेवला.
तो थरथरला लाकडावर,
एकदा, परत एकदा.
ओउलानं झोपेतच हात लांब केला,
काही सापडलं नाही,
हात तिथेच राहिला, उघडा.

खिडकीबाहेर काही असेल, नसेल.
मी बूट काढले.